अनुदान, लिथियम आणि बिडकीन : विजेच्या गाड्यांचे गणित कोण ठरवते?

मराठवाड्यात पेट्रोलच्या दरांचा विषय निघाला की परभणीचे नाव येतेच. राज्यात सर्वांत महाग पेट्रोल मिळणाऱ्या शहरांत परभणीची गणना अनेक वर्षे होत आली आहे, कारण तिथे येणारे टँकर मनमाडच्या डेपोतून सुमारे तीनशे किलोमीटर अंतर कापून येतात आणि तो वाहतूकखर्च प्रत्येक लिटरमागे ग्राहकाकडून वसूल होतो. पंपावरच्या फलकावर एकच आकडा दिसत असला तरी त्यात कच्च्या तेलाचा जागतिक भाव असतो, केंद्राचे उत्पादन शुल्क असते, राज्याचा मूल्यवर्धित कर असतो आणि मनमाड ते परभणी हे अंतरही असते. भाव बाजार ठरवतो, कर सरकार ठरवते, आणि या दोहोंची बेरीज शेवटी दुचाकीच्या टाकीत पडते.

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या किमतीचेही असेच आहे. फरक एवढाच की पेट्रोलच्या बाबतीत सरकार किमतीत भर घालते, तर विजेच्या गाडीच्या बाबतीत गेली काही वर्षे सरकारने किमतीतून वजाबाकी केली. ही वजाबाकी कशी झाली, ती कमी होत गेल्यावर काय घडले, आणि छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात येऊ घातलेल्या कारखान्यांचा तिच्याशी काय संबंध आहे, हे समजून घ्यायचे तर सुरुवातीलाच किंमत आणि उत्पादनखर्च या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. अनुदानाने किंमत उतरते, उत्पादनखर्च उतरत नाही. तो उतरतो तो कच्चा माल स्वस्त झाल्यामुळे, उत्पादन वाढल्यामुळे आणि स्पर्धेमुळे, म्हणजेच बाजारामुळे. अनुदान संपण्याच्या आत खर्च पुरेसा उतरला तर उद्योग स्वतःच्या पायावर उभा राहतो, नाहीतर अनुदानाबरोबर विक्रीही आटते.

केंद्र सरकारने विजेच्या वाहनांसाठी ‘फेम’ ही योजना एप्रिल २०१५ मध्ये सुरू केली, परंतु तिचा आवाका लहान होता. खरा परिणाम दिसला तो एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात. या टप्प्यासाठी आरंभी दहा हजार कोटी रुपयांची तरतूद होती आणि अनुदान बॅटरीच्या क्षमतेनुसार मिळत होते. क्षमता मोजण्याचे एकक किलोवॉट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलावरचे एक ‘युनिट’. तीन युनिट वीज साठवणारी बॅटरी म्हणजे तीन किलोवॉट-तासांची बॅटरी. दुचाकीसाठी प्रत्येक किलोवॉट-तासामागे प्रारंभी दहा हजार रुपये मिळत. जून २०२१ मध्ये ही रक्कम पंधरा हजार करण्यात आली आणि अनुदानाची कमाल मर्यादा वाहनाच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत नेण्यात आली.

आता एक स्कूटर डोळ्यांसमोर ठेवू. कारखान्यातून बाहेर पडताना तिची किंमत एक लाख वीस हजार रुपये आहे आणि बॅटरी तीन किलोवॉट-तासांची आहे, असे धरू. २०२१ च्या सुधारणेनंतर तिला पंचेचाळीस हजार रुपये अनुदान मिळू शकत होते. १ जून २०२३ पासून दर पुन्हा दहा हजारांवर आला आणि कमाल मर्यादा किमतीच्या पंधरा टक्के झाली, त्यामुळे त्याच स्कूटरचे अनुदान अठरा हजारांवर आले. एप्रिल २०२४ मध्ये फेमची जागा तात्पुरत्या योजनेने घेतली आणि दुचाकीसाठी जास्तीत जास्त दहा हजार रुपये ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘पीएम ई-ड्राइव्ह’ आली; तिच्यात पहिल्या टप्प्यात हीच दहा हजारांची मर्यादा राहिली आणि एप्रिल २०२५ पासून ती पाच हजारांवर आली. पंचेचाळीस, अठरा, दहा आणि पाच हजार, अशी ही चार वर्षांची उतरंड आहे.

पायऱ्या उतरताना पाय घसरला तो पहिल्याच पायरीवर. मे २०२३ मध्ये देशात सुमारे एक लाख पाच हजार विजेच्या दुचाकींची नोंदणी झाली होती; जूनमध्ये ती सुमारे शेहेचाळीस हजारांवर आली. मे महिन्यात अनेकांनी घाईने खरेदी उरकली होती, हे खरे; तरीही एका आदेशाने महिन्याभरात निम्म्याहून अधिक विक्री गळून पडते, यावरून तोपर्यंतची मागणी किती प्रमाणात अनुदानावर तोललेली होती हे कळते. पुढच्या वर्षी असाच प्रसंग मार्चअखेरीस आला. आपल्याकडे नवी गाडी पाडव्याला किंवा दसऱ्याला दारात यावी, असा पुष्कळ घरांचा शिरस्ता असतो. २०२४ चा गुढीपाडवा ९ एप्रिलला होता आणि फेमची मुदत ३१ मार्चला संपली. मुहूर्तासाठी थांबणाऱ्याला त्या नऊ दिवसांची किंमत मोजावी लागण्याची शक्यता होती. दिल्लीतले आर्थिक वर्ष आणि आपले पंचांग यांचा मेळ घालण्याची जबाबदारी मात्र विक्रेत्यावर येऊन पडली.

तरीही २०२३ च्या त्या धक्क्यानंतर उद्योग कोसळला नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशात साडेनऊ लाखांच्या आसपास आणि २०२४-२५ मध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास विजेच्या दुचाकी विकल्या गेल्या. अनुदान घटत असताना विक्री वाढली, याचे उत्तर सरकारी राजपत्रात नाही. ते बॅटरीच्या बाजारात आहे.

विजेच्या गाडीच्या उत्पादनखर्चातला सर्वांत मोठा एकच घटक म्हणजे बॅटरी. तिच्यात लागणाऱ्या लिथियम कार्बोनेटचा चीनमधला भाव नोव्हेंबर २०२२ मध्ये टनाला सहा लाख युआनच्या घरात पोचला होता. भाव चढले म्हणून जगभर नव्या खाणी आणि शुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले, ते सगळे जवळपास एकाच वेळी उत्पादनात आले आणि २०२४ च्या प्रारंभी तोच भाव एक लाख युआनच्या आसपास घसरला. कांद्याचा भाव चढलेला पाहून गावातल्या प्रत्येकाने कांदा लावावा आणि काढणीला भाव पडावा, हे चक्र आपल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. लिथियमच्या बाबतीत तेच घडले, फक्त तोटा खाणवाल्याचा झाला आणि लाभ गाडी घेणाऱ्याचा. ब्लूमबर्गच्या ऊर्जा-संशोधन विभागाच्या वार्षिक पाहणीनुसार बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत २०२२ मध्ये किलोवॉट-तासाला सुमारे १५१ डॉलर होती, ती २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. २०१० मध्ये हाच आकडा हजार डॉलरच्या वर होता.

याला जोड मिळाली ती कंपन्यांच्या हिशेबीपणाची. अनुदान बॅटरीच्या आकारावर मिळत होते तोवर मोठी बॅटरी बसवण्यात फायदा होता. अनुदान आटताच दोन ते अडीच किलोवॉट-तासांच्या, कमी पल्ल्याच्या आणि लाखाच्या आतबाहेर किंमत असलेल्या स्कूटर बाजारात आल्या. माझ्या मते ही सुधारणाच होती, कारण रोज दहा-पंधरा किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला दीडशे किलोमीटरच्या पल्ल्याची गरज नसते. त्याला ती गरज आहे असे अनुदानाच्या सूत्राने भासवले होते. बाजारातली क्रमवारीही याच काळात बदलली. २०२४ च्या पूर्वार्धात विजेच्या दुचाकींच्या विक्रीत ओलाचा वाटा निम्म्याच्या जवळ होता. २०२५ मध्ये टीव्हीएस आणि बजाज पुढे गेले. जुन्या कंपन्यांकडे गावोगावी विक्रेते आणि दुरुस्तीची केंद्रे आधीपासून होती. हिंगोली किंवा अंबाजोगाईच्या ग्राहकाला गाडी बंद पडल्यावर ती कुठे न्यायची, हा प्रश्न गाडीवरच्या डिजिटल पडद्याच्या आकारापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि तो रास्तच आहे.

ग्राहकाच्या बाजूचा हिशेबही मांडून पाहू. पेट्रोलची स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर धावते आणि पेट्रोल एकशे पाच रुपये आहे असे धरले, तर किलोमीटरला सव्वादोन रुपयांहून थोडा अधिक खर्च येतो. विजेची स्कूटर साधारण साडेतीन युनिटांत नव्वद किलोमीटर जाते आणि घरगुती युनिट सर्व आकार धरून दहा रुपयांना पडते असे मानले, तर किलोमीटरला चाळीस पैशांच्या आसपास. बचत सुमारे एक रुपया नव्वद पैसे. वर्षात कामाचे तीनशे दिवस धरले, तर रोज तीस किलोमीटर फिरणाऱ्या वसुली प्रतिनिधीची किंवा घरपोच सामान पोचवणाऱ्याची वर्षाला सतरा हजारांच्या आसपास बचत होते. घर ते शाळा एवढेच आठ किलोमीटर जाणाऱ्या शिक्षकाची साडेचार हजारांची. दोन गाड्यांच्या किमतीत वीस हजारांचा फरक असेल तर पहिल्याचे पैसे सव्वा वर्षाच्या आत निघतात, दुसऱ्याला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. अधिक फिरणाऱ्याला विजेची गाडी अधिक परवडते, म्हणून अनुदान असो वा नसो, तीनचाकी रिक्षा आणि मालवाहू गाड्यांत विजेचा शिरकाव सर्वांत वेगाने झाला.

अनुदान हा धोरणाचा ठळक दिसणारा भाग झाला. कराचा भाग तेवढा नजरेत भरत नाही, पण त्याचे वजन कमी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये विजेच्या वाहनांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, तेव्हा पेट्रोलच्या दुचाकीवर तो अठ्ठावीस टक्के होता. म्हणजे फरक तेवीस टक्क्यांचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर अठरा टक्के झाला आणि हा फरक तेरा टक्क्यांवर आला. करापूर्वी ऐंशी हजार किंमत असलेल्या पेट्रोलच्या स्कूटरवर यामुळे आठ हजार रुपये वाचतात. त्या वेळी विजेच्या दुचाकीला मिळणारे कमाल अनुदान पाच हजार होते. विजेच्या गाड्यांविषयी एक शब्दही न उच्चारता सरकारने एका निर्णयाने त्यांची स्पर्धा अधिक अवघड केली, असे यातून दिसते. उलट दिशेचे उदाहरणही आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक मानक लागू झाले, पेट्रोलच्या गाड्यांत अधिक यंत्रणा बसवाव्या लागल्या, त्या महागल्या आणि विजेच्या गाड्यांशी असलेली किमतीची दरी थोडी भरून निघाली.

राज्याच्या धोरणाविषयी थोडक्यात. महाराष्ट्राने २०१८ मध्ये पहिले, २०२१ मध्ये दुसरे आणि एप्रिल २०२५ मध्ये तिसरे विद्युत वाहन धोरण आणले. या तिसऱ्या धोरणाची मुदत २०३० पर्यंत आहे. त्यात खरेदीवर सवलत, मोटार वाहन करातून सूट आणि समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यांवर विजेच्या गाड्यांना पथकरमाफी आहे. सवलतीची रक्कम ग्राहकाला लगेच आणि पूर्ण मिळते तेव्हा तिचा परिणाम होतो. ती आधी उत्पादकाने द्यायची आणि नंतर शासनाकडून मागून घ्यायची अशी रचना असली की कंपनीचे खेळते भांडवल अडकते. केंद्राच्या फेम योजनेतही पैसे विक्रीनंतर उत्पादकालाच मिळत. त्या योजनेत देशी सुट्या भागांची अट न पाळल्याच्या तक्रारी आल्या आणि काही कंपन्यांना घेतलेले अनुदान परत करण्यास सांगण्यात आले, हे प्रकरण या क्षेत्रात अजून विसरलेले नाही.

आता बिडकीनकडे वळू. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, पैठणच्या रस्त्याने गेल्यावर बिडकीन लागते. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याचा भाग म्हणून शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी आखण्यात आली आहे. २०२४ च्या जून-जुलैमध्ये, म्हणजे अवघ्या काही आठवड्यांत, या परिसरासाठी तीन मोठ्या घोषणा झाल्या : एथर एनर्जीचा सुमारे दोन हजार कोटींचा, वर्षाला दहा लाख स्कूटरची क्षमता गाठण्याचा प्रकल्प, जेएसडब्ल्यू ग्रीन मोबिलिटीचा सुमारे सत्तावीस हजार कोटींचा प्रकल्प, आणि टोयोटा किर्लोस्कर मोटरचा सुमारे वीस हजार कोटींचा सामंजस्य करार. सामंजस्य करार म्हणजे कारखाना नव्हे, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. तरीही या कंपन्यांनी हीच जागा का निवडली, याचे उत्तर धोरण आणि बाजार यांच्या गुंफणीत सापडते.

राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांची विकासाच्या पातळीनुसार वर्गवारी असते आणि मागास तालुक्यांत गुंतवणूक करणाऱ्या उद्योगाला राज्य जीएसटीचा परतावा, वीजशुल्कात सूट अशा सवलती अधिक मिळतात. पुण्याच्या तुलनेत मराठवाड्याचे पारडे इथे जड होते. पण सवलत तर अनेक मागास तालुक्यांना मिळते, आणि तिथे कोणी फिरकत नाही. बिडकीनला जमीन एकत्र आणि अधिग्रहित स्वरूपात उपलब्ध होती, जायकवाडी जवळ आहे, समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाळूज जवळ आहे.

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्याभोवती चाळीस वर्षांत प्रेस शॉप, कास्टिंग, मशिनिंग, डाय-मोल्ड, प्लेटिंग आणि रंगकाम करणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे विणले गेले. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या इथेच लहानाच्या मोठ्या झाल्या. नव्याने येणाऱ्या वाहन कंपनीला असे तयार पुरवठादार मिळणे ही कोणत्याही सरकारी सवलतीपेक्षा मोठी गोष्ट असते, कारण सवलत दहा वर्षांनी संपते आणि सवलतीच्या जोरावर पुरवठादारांचे जाळे विकत आणता येत नाही. शहराच्या उद्योजकांचा नव्याकडे असलेला ओढाही जुना आहे. २०१० मध्ये दीडशे मर्सिडीज एकदम खरेदी केल्यामुळे देशभर चर्चेत आलेल्या या शहरात ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या उपक्रमातून एकशे एक विजेच्या मोटारींची सामूहिक नोंदणी झाली. ग्राहकांनी एकत्र येऊन भाव पाडून घेणे हाही बाजाराचाच एक मार्ग आहे, आणि त्याला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

मात्र पुरवठादारांच्या या जाळ्यापुढचा प्रश्न सोपा नाही. इंजिनाच्या गाडीत पिस्टन, सिलिंडर, क्रँकशाफ्ट, क्लच, गिअर, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी असे अनेक भाग लागतात. विजेच्या मोटरमध्ये फिरणारे भाग मोजकेच असतात. वाळूजच्या एखाद्या शेडमध्ये तीन सीएनसी यंत्रांवर वर्षानुवर्षे गिअरचे एकाच प्रकारचे जॉबवर्क चालू असेल, यंत्रांवर बँकेचे कर्ज असेल, आणि वरच्या कंपनीकडून येणारे वेळापत्रक दर तिमाहीला थोडे थोडे आक्रसत असेल, तर त्या मालकाला धोरणाच्या भाषेतले ‘संक्रमण’ म्हणजे काय ते नेमके कळते. ब्रेक, सस्पेन्शन, चाके, सांगाडा, दिवे बनवणाऱ्याचे काम बदलत नाही. मोटरचे आवरण, बॅटरीची पेटी, वायरिंग हार्नेस यांची कामे नव्याने निर्माण होतात, पण त्यातली बरीचशी अॅल्युमिनियम कास्टिंगची आणि इलेक्ट्रॉनिक्सची आहेत; त्यांना वेगळी यंत्रे, वेगळी चाचणी-सामग्री आणि वेगळे शिक्षण घेतलेला कामगार लागतो. मोठ्या पुरवठादाराला हा बदल पैशाने साधता येतो : एन्ड्युरन्सने २०२२ मध्ये बॅटरी नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बनवणाऱ्या मॅक्सवेल या कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला. तीन यंत्रांच्या शेडला अशी उडी मारता येत नाही.

इथे केंद्राच्या दुसऱ्या प्रकारच्या धोरणाकडे लक्ष द्यावे लागते. ग्राहकाला अनुदान देण्याऐवजी उत्पादकाला उत्पादनावर प्रोत्साहन देण्याच्या पीएलआय योजना २०२१ मध्ये आल्या. वाहने व सुट्या भागांसाठी सुमारे सव्वीस हजार कोटी आणि प्रगत बॅटरी सेलसाठी, म्हणजे ज्या घटकांपासून बॅटरी पॅक जुळवतात त्यांच्यासाठी, अठरा हजार शंभर कोटी. वाहनांच्या योजनेत किमान पन्नास टक्के मूल्यवर्धन देशात झाले पाहिजे, अशी अट आहे. तत्त्व म्हणून हे मला ग्राहक-अनुदानापेक्षा अधिक शहाणपणाचे वाटते, कारण इथे किमतीवर नव्हे तर उत्पादनखर्चाच्या मुळावर घाव आहे. परंतु दोन अडचणी आहेत. पात्रतेसाठी लागणारी उलाढाल मोठी असल्याने लाभ थेट मोठ्या कंपन्यांनाच मिळतो. आणि सेलनिर्मितीची योजना संथ चालली आहे. भारतात जुळवल्या जाणाऱ्या बॅटरी पॅकमधले सेल अजूनही मुख्यतः चीनमधून येतात.

हे अवलंबित्व किती नाजूक आहे ते २०२५ मध्ये दिसले. एप्रिल महिन्यात चीनने दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांपासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीवर परवाना लादला. मोटरमध्ये बसणारे हे चुंबक आकाराने लहान आणि गाडीच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते. पण ते नसेल तर मोटरच बनत नाही. ऑगस्टपर्यंत बजाजला विजेच्या चेतकचे उत्पादन घटवावे लागले. तिथल्या सरकारचा एक आदेश इथल्या कारखान्याच्या पाळीपर्यंत चार महिन्यांत पोचला. हा सगळा बाजार आहे असे म्हणावे, तर त्याची किल्ली एका सरकारच्या हातात आहे. आणि हे धोरण म्हणावे, तर ते आपले नाही.

विजेचा पुरवठा हा या विषयाचा शेवटचा आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित भाग. महावितरणच्या नव्या दररचनेत दिवसा, सौरऊर्जा भरपूर असताना वापरलेल्या विजेला स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांसाठी सवलत आहे. दुचाक्या मात्र रात्री, घरी परतल्यावर चार्जिंगला लागतात. कारखाने, शाळा आणि कार्यालये यांच्या आवारात दिवसा चार्जिंगची साधी सॉकेट्स मिळाली, तर स्वस्त वीज आणि उभी गाडी यांची गाठ पडेल. आणि त्यासाठी महामार्गावरच्या मोठ्या चार्जिंग केंद्राइतका खर्चही लागत नाही. बिडकीन आणि वाळूजच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला येणाऱ्या कामगारांच्या दुचाक्या सकाळपासून दुपारपर्यंत पार्किंगमध्ये उन्हातच उभ्या असतात. त्यांच्यावर सौर पॅनेलचे छत घातले, तर गाड्यांना सावली मिळेल आणि तीच वीज त्यांना भरताही येईल. हा खर्च कंपनीने करायचा की औद्योगिक वसाहतीने, एवढे ठरवणारे परिपत्रक पुरेसे आहे.